कुरतडलेल्या पानांची बाग

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. जरा वेळ बघत राहिलं तर ते हलतं. काही दिवसांत त्याचीच हिरवीगार, जाडजूड अळी होते. बोट लावलं तर डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते आणि बघता बघता फांदी बोडकी करते. घरात मग एकच प्रश्न निघतो: फवारायचं काय? नर्सरीवाला बाटली काढून देतो, शेजारचे काका घरगुती उपाय सांगतात आणि लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन व्हायला निघालेला जीव तिथंच संपतो. त्याच गॅलरीत फुलपाखरं यावीत म्हणून विकत आणलेली फुलझाडं असतात.

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या बागेविषयी गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पुष्कळ लिहिलं, बोललं आणि विकलंही गेलं. खतं, किट, पक्ष्यांची घरटी, देशी रोपं असं सगळं आता मिळतं. त्यातलं बरंचसं चांगलं आहे. पण बागेत जीवसृष्टी हवी असेल तर पानं खाल्ली जाणार, हे आधी मान्य करावं लागतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

फुलपाखरू फुलावर येतं ते मकरंदासाठी, आणि मकरंद त्याला बऱ्याच फुलांचा चालतो. अंडी मात्र मादी ठरावीक झाडांवरच घालते. खाल्लं जाऊ नये म्हणून वनस्पती पानांत नाना रसायनं भरून ठेवतात. एखाद्या जातीची अळी उत्क्रांतीच्या ओघात त्यातली मोजकीच पचवायला शिकलेली असते, बाकीची झाडं तिच्या उपयोगाची नसतात. रुईचा चीक विषारी असतो. प्लेन टायगरची अळी तो पचवते, विष अंगात साठवते आणि पुढे त्या फुलपाखराला पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी दिसायला जवळजवळ तशीच असते, विष मात्र तिच्यात नसतं. तिची अळी वाढते आपल्या घोळीच्या भाजीवर. कुंपणाशी एक रुई आणि तिच्या पायथ्याशी थोडी घोळ राहू दिली तर अस्सल आणि नक्कल दोन्ही एका कोपऱ्यात बघायला मिळू शकतात.

अशा जोड्या एकदा कळल्या की रोपांची निवड बदलते. लिंबू, पपनस आणि कढीपत्त्यावर मॉरमॉन मंडळी येतात. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, याच कुळातला. त्याच्या अळ्यांनाही लिंबाच्या वर्गातली पानं लागतात. सीताफळावर आणि सोसायट्यांच्या कडेनं रांगेत लावलेल्या उंच अशोकावर टेल्ड जे येतो. कण्हेरीवर आणि अनंतमुळावर कॉमन क्रो, बहाव्यावर आणि टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, कोरांटीवर लेमन पॅन्सी, आंब्याच्या पानावर कॉमन बॅरन. बॅरनची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की नजर तिथंच असूनही दिसत नाही. खुळखुळ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या सुकत्या पानांवर आणि शेंगांवर टायगर आणि क्रो गटातल्या नरांची झुंबड उडते. त्यातून शोषलेली अल्कलॉइड त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतात. म्हणून खुळखुळा वाळला की तो लगेच उपटून टाकू नये.

देशी-विदेशीचा वाद इथं येतोच. प्रा. श्री. द. महाजन यांनी ‘देशी वृक्ष’ आणि ‘विदेशी वृक्ष’ अशी दोन स्वतंत्र पुस्तकं लिहून मराठी वाचकाला हा भेद नीट दाखवून दिला. घराभोवती काय लावायचं हे ठरवताना तो भेद उपयोगी पडतो, पण आंधळेपणानं वापरायचा नाही. पानफुटी मादागास्करची, तरी आपल्याकडचा रेड पिएरो तिच्यावर अंडी घालतो आणि त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खाते. उलट घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरं भरपूर येतात, पण अमेरिकेतून आलेल्या या झुडपानं देशभरातल्या जंगलांत जागा बळकावली आहे. तिची फळं खाऊन पक्षी बिया दूरवर टाकतात. ती मुद्दाम लावणं मला मान्य नाही, मग तिच्या रंगीत संकरित जाती नर्सरीत कितीही देखण्या दिसोत. अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, कुडा, पारिजातक आणि जागा असेल तर बकुळ किंवा बहावा, एवढ्यातही घरची बाग भरून जाते. वड, पिंपळ, उंबर पाखरांसाठी उत्तमच, पण त्यांची मुळं भिंत सोडत नाहीत. ती झाडं मैदानात, रस्त्याकडेला, देवळापाशी लावावीत.

योग्य झाडं लावली तर काय होतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत जावं. एका कुटुंबाच्या जमिनीवर खाद्यवनस्पती लावत जाऊन उभं राहिलेलं ते फुलपाखरू उद्यान आहे. धारावीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही पाहावं. ३७ एकरांची ती जागा एके काळी मुंबईच्या कचऱ्याचा डेपो होती. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं आणि आज तिथं दाट झाडी आहे. कचऱ्याच्या ढिगावर हे घडलं, तर गच्चीवर आणि परसात हात आखडता घ्यायचं कारण उरत नाही.

अळ्यांचा मुद्दा पक्ष्यांपर्यंत जातो. चिमणीला दाणे टाकण्याची आपली रीत जुनी आहे. २० मार्चला साजरा होणारा जागतिक चिमणी दिवस नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं सुरू झाला. त्यानंतर लाकडी घरटी घरोघर टांगली गेली. सव्वा इंचाचं भोक असलेलं, उन्हापासून आडोशाला टांगलेलं घरटं चिमणी खुशीनं वापरते. पण पिल्लं पहिल्या दिवसांत दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना किडे-अळ्याच लागतात. अमेरिकेत डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञानं घरच्या बागांच्या संदर्भात ही गोष्ट लोकांपुढे मांडली. चिमणीहूनही लहान असलेल्या चिकडी पक्ष्याला एका विणीतली पिल्लं मोठी करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असा हिशेब त्यानं दिला. आपल्या शिंपी, नाचण आणि दयाळासाठी असा आकडा मी देणार नाही, पण गरज त्याच जातीची आहे. दहा मजले नुसत्या क्रोटन आणि अरेका पामनं सजवलेल्या इमारतीत टांगलेलं घरटं रिकामं राहिलं तर त्यात नवल नाही.

पारव्यांचं उलट आहे. दाणे टाकल्यानं त्यांची संख्या वाढते, बाकीच्यांना जागा उरत नाही आणि विष्ठा-पिसांच्या धुळीनं माणसांच्या फुप्फुसांना त्रास होतो. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढं वादळ उठलं ते आपण पाहिलं. दाणे टाकणाऱ्यांची भूतदया खरी होती, यात मला शंका नाही. पण तोच पैसा आणि तेच प्रेम झाडांवर खर्च झालं तर शिंजीर, बुलबुल, तांबट असे कितीतरी पक्षी सुखात राहतील. तांबटाला तर जिवंत झाडाइतकीच सुकलेली फांदी महत्त्वाची. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या मऊ, वठलेल्या फांदीत तो चोचीनं घर कोरतो. कुणाच्या डोक्यावर पडेल अशी फांदी काढावीच. बाकीच्या वठलेल्या फांद्या राहू द्याव्यात.

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी आणि फुलोरी आठवतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं, त्यामुळे मधाच्या माशीची ओळख आपल्याला बरी आहे. पण जगातल्या बहुतेक मधमाश्या मध साठवतच नाहीत. त्या एकेकट्या राहतात, जमिनीत बीळ करतात किंवा पोकळ काडीत घर करतात. गुलाबाच्या पानाला कात्रीनं कापल्यासारखी गोल खाच दिसली की तो रोग नसतो. पानं कापणारी एकांडी माशी तो तुकडा आपल्या पिलांच्या खोलीला अस्तर म्हणून नेत असते. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांत पराग बंद नळीत असतात. फुलाला धरून विशिष्ट कंपनं दिल्याशिवाय ते नीट सुटत नाहीत. आपल्या सातेरीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा यांना जमतं. गच्चीवर वांगी धरत नाहीत म्हणून खत वाढवणाऱ्यानं आधी भुंगा येतो का ते पाहावं. त्याच्यासाठी बांबूचा एखादा सुका तुकडा कोपऱ्यात आडवा बांधावा आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीसाठी थोडी माती उघडी, न खणता ठेवावी.

फवारणीचं म्हणाल तर निंबोळी अर्कही कीटकांवरच काम करतो, तो फुलपाखराच्या अळीला वगळत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार झाला तर तेवढ्याच फांद्या पाण्याच्या जोरदार धारेनं धुवाव्यात किंवा छाटाव्यात. माव्यावर ढालकिडे येतात, पण मावा दिसल्यानंतर काही दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत आपला हात बाटलीकडे गेला की ढालकिड्यांचं जेवण जातं आणि तेही जातात. आफ्रिकन गोगलगायीच्या बाबतीत मात्र मी दयामाया दाखवायला सांगणार नाही. ती इथली नाही, रोपं रातोरात फस्त करते, आणि ती वेचताना हातमोजे घालावेत, कारण तिच्यात माणसाला घातक परजीवी असू शकतात.

मातीकडे यायला थोडा उशीर झाला. या विषयात महाराष्ट्राचं देणं मोठं आहे. श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या रूपानं शेतकऱ्यांचं आणि शहरी बागकाम करणाऱ्यांचं जाळं विणलं. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांनी सूर्यप्रकाश, पान आणि कुजलेला पाचोळा यांच्या हिशेबावर बाग कशी उभी राहते ते मांडलं. त्या वाटेवरच्या मंडळींनी रूढ केलेलं अमृतजल आज कितीतरी गच्च्यांवर वापरलं जातं: दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळत ठेवून ते दहापट पाण्यात मिसळायचं. अमृतजल शिंपून पाचोळ्यात वाढवलेली बाग गच्चीला विशेष मानवते, कारण उसाचं पाचट आणि पालापाचोळा मातीपेक्षा कितीतरी हलका असतो आणि स्लॅबवर ओझं येत नाही.

पाचोळा म्हणजे नुसतं खत नव्हे. बरेच सुरवंट त्यात कोष करतात, बेडूक दडतात, दयाळ किडे टिपतो. तो झाडून जाळला की हे सगळं एका सकाळी राख होतं. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमानं ज्याच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्याला ती हवी आहेत त्यांची गाठ घालून दिली, ही साधी युक्ती प्रत्येक शहरानं उचलावी अशी आहे. कोकणातल्या परसात तर हे वेगळं शिकवावं लागत नसे. न्हाणीचं पाणी अळू, केळी आणि कर्दळीत जायचं आणि माडाच्या आळ्यात झावळ्या कुजायच्या. गोव्यातल्या कुळागरात सुपारी, नारळ, केळ, मिरवेल एकमेकांच्या सावलीत वाढतात. आता त्याच गावांत बंगल्यापुढे सिमेंटचं अंगण आणि विकत आणलेली हिरवळ दिसते, तेव्हा वाईट वाटतं.

दोन भीती मात्र खऱ्या आहेत, त्या उडवून लावू नयेत. पहिली डासांची. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं आणि कुंडीखालची ताटली इथं डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, दर दोन-तीन दिवसांनी भांडं घासावं. कुंड्यांखालच्या ताटल्या तर काढूनच टाकाव्यात. दुसरी भीती सापांची. पाचोळा, लाकडं आणि उंदीर असतील तिथं साप येऊ शकतो. ढीग दारापासून लांब, कुंपणाकडे ठेवावा, रात्री बॅटरी घेऊन चालावं, पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवून घ्यावं. घरात शिरणारा कवड्या पाल खायला येतो आणि बिनविषारी असतो, पण तो मण्यारीसारखा दिसतो. म्हणून ओळखण्याचं धाडस न करता सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे, त्यामुळे काठी उगारण्याचा प्रश्नच नको.

पुण्याच्या बुधवार पेठेत, शहराच्या ऐन मध्यात, वनस्पतिशास्त्रज्ञ हेमा साने एका जुन्या वाड्यात आयुष्यभर विजेशिवाय राहिल्या. भोवती झाडं, पक्षी, मांजरं, मुंगूस. आपल्यापैकी कुणी वीज सोडणार नाही, आणि सोडावी असंही नाही. गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा मात्र सोडता येतो. पारिजातकाचं फूल रात्री उमलतं ते पतंगांसाठी, आणि पतंग मात्र दिव्याभोवती थकून मरतो.

सोसायटीत हे सगळं पटवणं सगळ्यात कठीण. कुरतडलेलं पान, वठलेली फांदी, साचलेला पाचोळा या गोष्टी कमिटीला अस्वच्छता वाटतात. ‘इथे फुलपाखरांच्या अळ्या आहेत, फवारू नये’ अशी पाटी आणि कोष दाखवायला नेलेली लहान मुलं यांचा उपयोग तक्रारअर्जापेक्षा जास्त होतो. माळीदादांना आधी सांगावं, कारण छाटणीची कात्री त्यांच्या हातात असते.

पुढच्या पावसातल्या पेरणीची तयारी मात्र आत्तापासून करता येते. पाऊस ओसरल्यावरच्या दिवसांत रस्त्याकडेच्या टाकळ्याच्या आणि खुळखुळ्याच्या शेंगा पिकून वाळायला लागलेल्या असतात. तडकायच्या आत त्या कागदी पिशवीत गोळा कराव्यात, सावलीत सुकवाव्यात, पिशवीवर नाव आणि जागा लिहून ठेवावी. टाकळ्याच्या बीचं कवच टणक असतं. जूनमध्ये पेरताना बी खरखरीत कागदावर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की उगवण लवकर होते.