जुन्या इंग्रजीतले फसवे शब्द

इंग्रजीतल्या विस्मरणात गेलेल्या शब्दांच्या याद्या वाचायला गंमत वाटते. उद्यानंतरच्या ‘परवा’साठी त्या भाषेत एकेकाळी ‘ओव्हरमॉरो’ असा सुटसुटीत शब्द होता, आठवड्याला ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री म्हणत, हे कळले की असे शब्द गेले याची हळहळही वाटते. पण हे शब्द वाचकाला फसवत नाहीत. अनोळखी शब्द दिसला की माणूस थांबतो, कोश उघडतो. फसवतात ते रोजच्या ओळखीचे शब्द. त्यांचे रूप तेच राहिले, अर्थ मात्र बदलला, आणि वाचक न अडखळता चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. जुन्या इंग्रजीची खरी अडचण इथे आहे, आणि कुतूहलाच्या याद्यांत नेमके हेच शब्द क्वचित सापडतात.

याचा एक नमुना आपल्या घरातच असतो. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते, की धारकाला ‘लेट’ आणि ‘हिंडरन्स’ यांवाचून मोकळेपणाने जाऊ द्यावे. ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’ हे शाळेतले पोरही सांगेल, पण इथे त्याचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे अडथळा असा आहे. प्राचीन इंग्रजीत परवानगी देणे आणि अडवणे यांसाठी दोन वेगळी क्रियापदे होती. उच्चार झिजत दोन्ही एकरूप झाली आणि पुढे पहिलेच व्यवहारात टिकले. शेक्सपिअरचा हॅम्लेट आपल्याला अडवणाऱ्या सोबत्यांना धमकावतो तेव्हा तो दुसरे वापरतो. १६११च्या किंग जेम्स बायबलमधला ‘प्रिव्हेंट’ असाच आहे. स्तोत्रकर्ता पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केल्याचे सांगतो, ते उजाडण्यापूर्वीच उठून प्रार्थनेला लागलो या अर्थाने. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी येणे’ असाच होता. ज्युलिएटचे ‘व्हेअरफोर’ही अनेकजण ‘कुठे’ असे समजतात. ती विचारते आहे ‘का’: वैऱ्याच्या घराण्यातला रोमिओच तू का असावास?

सर्वांत मोठा गैरसमज ‘दाऊ’बद्दल आहे. प्रार्थनांत ईश्वराला ‘दाऊ’ म्हटलेले वाचून तो आदरार्थी शब्द असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो एकवचनी, जवळिकीचा, प्रसंगी अपमानाचाही शब्द होता. १६०३मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने सर वॉल्टर रॅली याला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हणून हिणवले. उलट क्वेकर पंथाचे लोक समतेचा आग्रह म्हणून लहानथोर सर्वांना ‘दाऊ’ म्हणत आणि बड्यांचा रोष ओढवून घेत. विठोबाला आणि आईला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा पेच इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमगेल, कारण आजच्या इंग्रजीत तो भेदच उरलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, की संदर्भावरून अर्थ लागतोच. काही वेळा लागतो. पण चुकीचा अर्थही वाक्यात बेमालूम बसत असेल, तर संदर्भ काय करणार? ‘कुठे आहेस, रोमिओ’ हे विरहिणीच्या तोंडी सहज शोभते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने ग्रंथ आजच्या भाषेत आणावेत आणि मोकळे व्हावे. बायबलच्या आणि नाटकांच्या बाबतीत तसे झालेही आहे, आणि ते चांगलेच झाले. पण कायद्याच्या मजकुराला असा हात लावता येत नाही. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेने ‘डोमेस्टिक व्हायलन्स’पासून राज्यांचे संरक्षण करण्याची हमी दिली आहे. तिथे घरातल्या मारहाणीचा संबंध नाही. अभिप्रेत आहे राज्यांतर्गत बंड किंवा दंगा. आजचा अर्थ लावला, तर ते कलमच वेगळे होऊन बसेल.

म्हणून जुना इंग्रजी मजकूर वाचताना ओळखीचा शब्द जरा जरी खटकला, तरी तो ऑक्सफर्डच्या बृहद्कोशात पाहावा. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या कोशात प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमाने, सनावळीसह दिलेले असतात आणि वापरातून गेलेला अर्थही काढून टाकला जात नाही.