धागा कुठे तुटला?

शेजारचा मुलगा प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी हिंजवडीला मुलाखत देऊन आला. शिक्षण उर्दू माध्यमातलं, धास्ती इंग्रजीची. म्हणाला, "चाचा, व्याकरण कुणी पाहिलंच नाही!"

आधी संगणकावर गणित-तर्काची चाचणी, मग समोरासमोर प्रश्न. यादीत दोनदा आलेला आकडा शोधा, इतका साधा. यानं गुपचूप लिहून दिलं. बरोबर होतं, पण निवड हुकली. विचारणाऱ्याला उत्तराइतकाच विचार ऐकायचा असतो. लाखाच्या यादीत प्रत्येक आकडा दुसऱ्याशी ताडला, तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. आलेले आकडे टिपत गेलं, तर एका फेरीत काम भागतं. हे तोंडानं सांगावं लागतं. अर्जात लिहिलेल्या प्रोजेक्टची तर उलटतपासणीच होते. मित्राचं उचललेलं तिथं उघडं पडतं. येत नसेल तर तसं म्हणावं आणि कसं शोधाल ते सांगावं.

त्याचे अब्बा यंत्रमाग चालवतात. (मागावर नक्षीसाठी भोकांच्या पत्त्यांवर चालणारं यंत्र फ्रान्सच्या जाकारनं १८०४ च्या सुमारास आणलं, संगणकानं ती युक्ती पुढे उचलली.) ताण्याचा धागा तुटला की अब्बा माग थांबवतात, बोटांनी चाचपतात आणि शिकाऊ पोराला मोठ्यानं सांगत जातात, कुठे पाहिलं, कुठे नाही.

मुलगाही आता रात्री असाच मोठ्यानं बोलत सराव करतो. पुढची मुलाखत गुरुवारी आहे.