अंगणवाडीतला दुसरा हात



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचतो. या खेपेचा विषय निराळा आहे, पण तोही उगवणीचाच. लागणीनंतर नांग्या वेळेत भरल्या नाहीत तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत खुरटते आणि त्या जागेचे टनेज गेले ते गेलेच. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचेही तसेच आहे. या वयात मागे पडलेले मूल पहिलीत गेल्यावर आपोआप सावरेल, असे धरून चालता येत नाही. गावात या नांग्या भरायच्या त्या अंगणवाडीत. तिथे सेविकेला सगळे ओळखतात. तिच्या जोडीला असलेल्या मदतनिसाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तिच्याविषयी आणि तिच्या प्रशिक्षणाविषयी आम्ही इथे थोडे सांगणार आहोत.

अंगणवाडी आली कुठून?

ताराबाई मोडक यांचा काही काळ आपल्या विदर्भात, अमरावतीला गेला. पुढे त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधने नव्हती, म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच त्यांनी साधने केले. अंगणवाडीची कल्पना ती हीच. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत मेळघाटातले धारणी होते, म्हणजे आपल्या विदर्भातलेच.

मदतनीस काय करते?

झाडलोट करते, आहार शिजवते, पोरांना घरून आणते, असे कोणीही सांगेल. ही कामे आहेतच. पण तिचे खरे मोल वर्गात कळते. समजा, एका खोलीत पंचवीस मुले आहेत. कोणी तीन वर्षांचे, कोणी पाच. सेविका मोठ्यांना गोष्ट सांगू लागली की धाकटी रडतात, उठून पळतात. अशा वेळी मदतनीस धाकट्यांना एका बाजूला घेऊन बसली, त्यांच्यापुढे चिंचोके व पळसाची पाने ठेवून “लहान इकडे, मोठे तिकडे” असा खेळ मांडला, तर दोन्ही गटांचे शिक्षण एकाच वेळी चालते. जे पोर बोलतच नाही त्याच्याशी दोन शब्द बोलणे, हेही काम तिचेच. नांगी भरणे म्हणतात ते हे.

प्रशिक्षण कसे असते?

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे प्रशिक्षण नेमणुकीनंतर शासनाकडून मिळते. खासगी वर्गाला पैसे भरून आणलेल्या नुसत्या प्रमाणपत्रावर ही जागा मिळत नाही. पूर्वी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रांत सेविकेचा मूळ वर्ग २६ दिवसांचा आणि मदतनिसाचा अवघा ५ दिवसांचा असे. पाच दिवसांत स्वच्छता, आहार, लसीकरण यांची ओळख होईल. मूल कसे शिकते हे कळायला ते फार थोडे पडतात. २०२३ साली केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम काढला. त्यात खेळातून शिकवण्यावर भर आहे, पण तो मुख्यतः सेविकांसाठी. आपल्या राज्यात ‘आकार’ हा अभ्यासक्रम आणला गेला. मदतनिसाचे खरे शिक्षण सेविकेच्या शेजारी बसूनच होते. म्हणून तिला दिवसभर पाणी आणण्यात आणि निरोप्याच्या कामात गुंतवले, तर तिचे शिकणे तिथेच थांबते.

कोणाला होता येते?

महाराष्ट्रात २०२३ पासून सेविका व मदतनीस या दोन्ही जागांना बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय १८ ते ३५. विधवा भगिनींना ४० पर्यंत सवलत. उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघते. बाकीच्या अटी त्या जाहिरातीतच वाचून घ्याव्यात. जागा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक पैसाही देऊ नये.

मिळते ते मानधन, पगार नव्हे. हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. पण वाट पुढे जाते. केंद्राच्या २०२२ च्या सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून भरण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सांगितला आहे. तेव्हा सेविका झालेल्या बाईने तिथेच थांबायचे कारण नाही.

सभासदांनी काय करावे?

घरची लेक किंवा सून बारावी झाली असेल, तर गावात जागा निघताच तिला अर्ज करू द्यावा. “झाडू मारायची नोकरी” म्हणून हिणवू नये. ग्रामसभेत अंगणवाडीच्या पाण्याचा प्रश्न मांडावा, म्हणजे मदतनिसाचा वेळ हंड्यात जाणार नाही. आणि हंगामात आपल्या फडावर टोळी उतरली की कोपीतल्या लहानग्यांची नावे मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीत घालायला मुकादमाला सांगावे. परगावच्या मुलाचेही नाव घालता येते. आई-बाप पहाटे फडात जातात आणि पोर पाचटात खेळत राहते. त्याला हाताला धरून अंगणवाडीत नेणारी बाई म्हणजे मदतनीस. ती शिकलेली असेल, तर ते पोरही शिकेल.