प्रवराकाठच्या पाऊलवाटा

रस्ता आणि वाट हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण त्या दोन वस्तू एक नव्हेत. रस्ता कोणीतरी बांधतो. त्याला अंदाजपत्रक लागते, खडी लागते, कंत्राटदार लागतो. वाट कोणी बांधीत नाही. एकाच्या मागून दुसरा गेला, दुसऱ्याच्या मागून तिसरा गेला, म्हणजे ती आपोआप पडते. आणि माणसे जाईनाशी झाली म्हणजे तशीच आपोआप मोडते. प्रवरा नदीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पाऊलवाटा कशा पडल्या, कशाने मोडल्या आणि त्या राखावयाच्या तर काय केले पाहिजे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

घोडेगाव प्रवरेच्या काठी वसलेले नाही, हे खरे. नदी येथून उत्तरेला, नेवाशाच्या अंगाने वाहते. परंतु माणसांच्या दृष्टीने नदीचे खोरे केवळ पाण्यापुरते नसते. बाजार, देव आणि सोयरिकी जिथवर पोचतात तिथवर ते पसरलेले असते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचेच पाहा. ट्रक आणि टेंपो येण्यापूर्वी बाजाराची जनावरे पायीच चालवीत आणावी लागत. जनावरांची वाट माणसाच्या वाटेहून निराळी असते. माणूस खांद्यावर पाणी घेऊन निघेल. बैलाला मात्र वाटेतच पाणी हवे, सावली हवी आणि रात्री मुक्कामाला मोकळी जागा हवी. म्हणून अशा वाटा ओढ्याओढ्याने, आमराई आणि पार धरीत चालतात. येथून दीड-दोन कोसांवरच्या शिंगणापूरला जाणारे भाविक आणि बाजाराला येणारे शेतकरी अशाच वाटांनी एकमेकांना भेटत आले.

आता प्रत्यक्ष नदीकडे वळू. प्रवरा सह्याद्रीत, रतनगडाच्या बाजूस उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेकडे वाहून टोके येथे गोदावरीला मिळते. एवढ्या अंतरात तिच्या काठच्या वाटेचे रूप चार वेळा पालटते.

पहिला टप्पा डोंगराचा. रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. तेथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनईवरून हरिश्चंद्रगडाला जाणारी वाट आजही चालती आहे. दुसरी वाट साम्रदहून करोली घाटाने कोकणात देहेण्याला उतरते. या वाटा आदिवासी महादेव कोळी आणि ठाकर मंडळींच्या पायांनी पडलेल्या आहेत. गिर्यारोहक त्यांवर मागाहून आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हा खोऱ्याच्या तळातली काठची वाट जलाशयाखाली गेली आणि माणसांनी पाण्याला वळसा घालून नवी वाट पाडली.

दुसरा टप्पा रंध्याच्या धबधब्यापासून अकोल्यापर्यंतचा. येथे डोंगर मागे सरू लागतात, भातखाचरे संपतात आणि बाजरीची शेते दिसू लागतात.

तिसरा टप्पा संगमनेर, कोल्हार, बेलापूर असा, पाटाच्या पाण्याचा आणि उसाचा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काळ्या जमिनीतली काठची वाट कधीही अगदी पाण्याला लागून जात नाही. काठाला घळी पडतात, ओढे येऊन मिळतात आणि पावसाळ्यात चिखल पायाला सोडीत नाही. म्हणून काठच्या गावांना बहुधा दोन वाटा असतात: उन्हाळ्याची खालची आणि पावसाळ्याची वरची, मुरमाच्या चढावरून जाणारी. ज्या ठिकाणी नदीला उतार असेल तेथे या दोन्ही वाटा एकत्र येतात, आणि पुष्कळदा गावही तेथेच वसते. पाट झाल्यावर त्याच्या भरावावरून तिसरी वाट पडली. ती सरळ आहे, पण तिला झाडाची सावली क्वचितच मिळते.

चौथा टप्पा नेवाशापासून टोक्यापर्यंतचा. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली, आणि ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते तो पैसाचा खांब तेथे आहे. ही भावंडे आळंदीहून पैठणला गेली आणि नेवासे, आळे या मार्गाने परतली, असेही परंपरा सांगते. हा सारा प्रवास पायी झालेला आहे. तेव्हा मराठीतल्या या थोर ग्रंथाचा जन्म एका पायवाटेवरच्या मुक्कामात झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण या वाटा ज्ञानेश्वरांच्याही फार पूर्वीच्या आहेत. संगमनेरजवळचे जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि नेवासे ही तिन्ही प्राचीन वसतिस्थाने प्रवरेच्याच काठी आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली, तोटीची भांडी या स्थळांवर सापडली आणि त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. एकाच घाटाची भांडी एका नदीच्या काठाने अशी आढळतात, याचा अर्थ त्या काठाने माणसे जात-येत होती. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा वरच्या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले. ते कुंभ समुद्रातून कोकणच्या बंदरात आले असतील. पण बंदरातून नेवाशापर्यंत त्यांना घाट चढून, बैलाच्या पाठीवर नाहीतर गाडीतूनच यावे लागले असणार.

इतक्या जुन्या वाटा मग मोडतात का? पहिले कारण धरणांचे. जायकवाडीच्या कामाचा पाया १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराच्या पाण्याने टोक्याच्या खालच्या गोदाकाठची गावे उठली आणि त्यांच्याबरोबर पैठणकडे जाणारी काठची वाटही बुडाली. हे दुःख मोठे असले तरी त्या पाण्याने पुष्कळांच्या घरी भाकरी आली, हेही विसरता येत नाही. दुसरे कारण मोटारीचे. घरासमोर एस.टी. थांबू लागल्यावर कोण कशाला तीन कोस चालेल? तिसरे कारण अधिक नाजूक आहे. वाटण्या होत होत शेते लहान झाली आणि बांधाच्या प्रत्येक ताशीला किंमत आली. दर वर्षी नांगर वाटेत वीतभर आत सरकतो. कोणी मुद्दाम वाट बंद करीत नाही; ती वितीवितीने बंद होते. शेवटी उसाची गाडी बाहेर काढायची वेळ येते, नाहीतर पावसाळ्यात आजाऱ्याला बाजेवर घालून न्यायची वेळ येते, आणि मग दोन भावांचे भांडण कचेरीत जाते.

येथे आपल्याजवळ असलेले एक साधन आपण वापरीत नाही. प्रत्येक गावाचा नकाशा आहे आणि त्यात वाटा दाखविलेल्या आहेत. एका तुटक रेषेने दाखविलेला तो पायमार्ग. त्याची रुंदी ८.२५ फूट. दुहेरी तुटक रेषांनी दाखविलेला तो गाडीमार्ग. त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांमागे हिशेब आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन म्हणजे आपला एक गुंठा. त्या साखळीचा चौथा हिस्सा पायी जाणाऱ्याला आणि निम्मा हिस्सा गाडीला, असा हा वाटा आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हा नकाशा मागता येतो. गटवारी झाली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून वाटेचा शोध घेणाऱ्याने जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणे तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. २०२१ साली राज्य शासनाने शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही काढली.

हाच प्रश्न दुसऱ्या एका शेतीप्रधान देशाने कसा सोडविला, ते पाहणे उद्बोधक होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शेतजमिनींचे एकत्रीकरण जोराने झाले आणि बांधांबरोबर असंख्य पाऊलवाटाही नांगराखाली गेल्या. त्याच सुमारास, १९४७ साली, काही हौशी पदभ्रमण करणाऱ्यांनी ल्वार नदीच्या काठाने ऑर्लेआँपासून बोजांसीपर्यंत पहिली दीर्घ पाऊलवाट खुणांनी आखून दिली. खूण अगदी साधी: झाडावर किंवा दगडावर दोन आडवे पट्टे, वर पांढरा आणि खाली तांबडा. चुकीच्या वाटेवर फुली. या खुणा रंगविणारे पगारी नोकर नसून स्वयंसेवक असतात. आज अशा खुणा केलेल्या वाटांची लांबी त्या देशात एक लाख किलोमीटरांच्या पलीकडे गेली आहे. पुढे १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने आपल्या पाऊलवाटांची यादी करावी असे ठरले. यादीतली वाट गावाला विकावयाची झाली तर तिच्या बदली दुसरी वाट द्यावी लागते. साखळी तुटता कामा नये.

यातून आम्हांस एकच गोष्ट दिसते. वाटेला तीन आधार लागतात: चालणारे पाय, ओळखीची खूण आणि दप्तरातली नोंद. आपल्याकडे पायांचा तोटा नाही. निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी त्र्यंबकेश्वराहून निघून सिन्नर, राहुरी, नगर करीत पंढरीला जाते आणि जाताना प्रवरा ओलांडते. नोंदही आपल्याकडे आहे. फक्त ती कपाटात आहे. उणीव आहे ती खुणेची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. पांढरा आणि तांबडा हे रंग आपल्याला परके नाहीत. चुना आणि गेरू फासलेली रस्त्याकडेची झाडे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

शेतकऱ्याची शंका मात्र बाजूला सारून चालणार नाही. परगावची माणसे शेतातून जाऊ लागली तर पिकाची नासधूस होईल, आज दिलेली वाट उद्या हक्क म्हणून मागितली जाईल, ही भीती खोटी नाही. तिला उत्तर असे की, नवी वाट मागावयाची नाही. नकाशावर जी तुटक रेषा आहे तीच तेवढी शोधावयाची आणि ग्रामसभेत, बांधकऱ्यांच्या देखत, तिच्यावर खूण करावयाची. वाट निश्चित झाली म्हणजे चालणारा तिच्यावरूनच चालतो. वाट ठाऊक नसलेलाच पिकातून जातो. शिवाय ज्या वाटेने पदयात्री जाईल तिनेच शेतकऱ्याचा ऊस आणि कांदा बाहेर येणार आहे. दोघांचे हित येथे एकच आहे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. नेवासे ते टोके ही चाल एका दिवसाची आहे. पैसाचा खांब, मोहिनीराजाचे मंदिर, देवगडचे दत्तस्थान, शेवटी सिद्धेश्वराचे मंदिर आणि संगमाचा घाट, एवढे वैभव या एका दिवसात पाहावयास मिळते. दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस त्यासाठी उत्तम. नेवासे तालुक्यातल्या एखाद्या शाळेने वाटेवरच्या गावांचे नकाशे मागवून घ्यावेत, वरच्या वर्गातील मुलांनी गुरुजींबरोबर आणि गावच्या जाणत्या माणसांबरोबर ती रेषा पायाखाली घालावी, आणि जेथे ती बुजली असेल तेथे तशी नोंद करावी. एका हिवाळ्यात होण्याजोगे हे काम आहे. जाणती माणसे आज हयात आहेत. कोणत्या चिंचेखालून वाट वळत होती हे ती बोटाने दाखवू शकतात. आणखी वीस वर्षांनी हे बोट दाखवायला कोणी असणार नाही.