नोंदवहीत नसलेला साप

पावसाने जोर धरला, की खोपोली, खालापूर, कर्जत परिसरात भातलावणीची लगबग सुरू होते आणि सरकारी रुग्णालयांत दंशाचे रुग्ण येऊ लागतात. कुणाचा पाय बांधावरच्या घोणशीवर पडलेला असतो, कुणाला सरपण काढताना फुरसे चावलेले असते. या दिवसांत मला दरवर्षी एक जुनी रुग्ण आठवते. तिला साप चावल्याची नोंद कुठेही नाही.

नव्वदच्या दशकात मी नुकताच सरकारी सेवेत लागलो होतो. डोंगराळ भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पहाटे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला झोळी करून आणले. रात्री ती घरात जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात कळा आल्या, उलटी झाली. मग पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. पुढच्या रुग्णालयात नेण्याआधीच तिचा श्वास थांबला. मी कागदावर लिहिले, ‘श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू’.

आज तीच लक्षणे दिसली तर मी आधी मण्यारीचा विचार करीन. मण्यार रात्री घरात, अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. विषाने स्नायू लुळे पडत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माझे वाक्य खोटे नव्हते, पण श्वास तर प्रत्येक मृत्यूत थांबतो. ते मृत्यूचे कारण नव्हते.

अशा कागदांची बेरीज होऊन देशाची आकडेवारी तयार होते आणि त्या आकडेवारीवर औषधांची खरेदी, डॉक्टरांचे प्रशिक्षण, जगाचे आरोग्य धोरण ठरते.

महाडच्या विंचवाचा धडा

तळातल्या डॉक्टरने केलेली नीट नोंद किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावून तेव्हा धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस वाचत नसत.

त्यांनी रुग्णाशेजारी बसून लिहून ठेवायला सुरुवात केली. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग रक्तदाबातले चढउतार आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. मग रक्तवाहिन्या सैलावणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी त्यांनी दिली. त्याचे निष्कर्ष डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

पुढे विंचवाची प्रतिविष लस उपलब्ध झाली, तेव्हाही त्यांनी ती तपासून पाहिली. महाडमध्ये ७० रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. पहिल्या गटाला बरे व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दुसऱ्याला ८ तास. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तीस पटींचा फरक

उपचार चालतो की नाही, हा पुराव्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार त्याहून साधा वाटतो : माणसे मरतात किती? सर्पदंशाच्या बाबतीत आपण याच प्रश्नात नापास झालो होतो.

भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या साह्याने झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त कार्यकर्ते रुग्णालयांत न जाता घरोघरी गेले. २००१ ते २००३ या काळात घरात कुणाचा मृत्यू झाला, आधी काय त्रास होत होता, हे कुटुंबीयांना विचारले आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवले. २०११ मध्ये निष्कर्ष आला : भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू होतात. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांच्या तीस पटींहून जास्त! यातले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि बहुतेक रुग्णालयाबाहेर झालेले. जे दवाखान्यात पोहोचलेच नाहीत, ते नोंदवहीत कसे येणार?

पुढच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेल्याचा अंदाज दिला.

हे आकडे जगाला दुर्लक्षिता आले नाहीत. जून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत अग्रक्रमाचे स्थान दिले. २०१९ मध्ये, सर्पदंशाचे मृत्यू आणि अपंगत्व २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर झाला. भारताने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवण्यास सांगितले.

आपल्या वाडीवर याचा अर्थ काय?

जिनिव्हात ठरलेले धोरण वाडीपर्यंत येते ते लसीच्या कुपीच्या रूपाने. कोणत्या केंद्राला किती कुप्या द्यायच्या, हे तिथे नोंदवलेल्या रुग्णांवरून ठरते. नोंद कमी, तर साठा कमी. कुटुंबाच्या दृष्टीनेही कागद महत्त्वाचा. शेतकरी कुटुंबातील व्यक्ती सर्पदंशाने किंवा विंचूदंशाने गेली, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपयांचे साह्य मिळू शकते. पण त्यासाठी मृत्यूचे कारण कागदावर स्पष्ट असावे लागते. म्हणून कितीही दुःख असले तरी दंशाची शंका डॉक्टरांना सांगा, शवविच्छेदनाला नकार देऊ नका.

आणि जीव वाचवण्यासाठी हे लक्षात ठेवा. साप चावल्यास धीर द्या, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा. करकचून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे टाळा. भगताकडे वेळ न घालवता १०८ला फोन करा. साप मारून आणण्याची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. झोपून उठल्यावर विनाकारण पोटदुखी आणि पापण्या जड, असे दिसले तर खूण शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. विंचू चावून उलटी, घाम आणि हातपाय गार पडले, तरीही तेच करा. शेतात गमबूट, रात्री बॅटरी आणि झोपताना शक्यतो खाट वापरा. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे दिसले आहे.

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना मी त्या मुलीची गोष्ट सांगतो. मृत्यूच्या कागदावर ‘श्वसनक्रिया बंद’ एवढेच लिहून सही करू नका, कशामुळे बंद पडली ते लिहा. खात्री नसेल तर ‘मण्यार दंशाची शक्यता’ असे लिहा. मी ते तेव्हा लिहिले नाही, म्हणून त्या वर्षीच्या आकड्यांत ती मुलगी नाही.