रक्त जोरात वाहते, हे चांगले की वाईट?

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतील ताई मागच्या पावसाळ्यात मुलीचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी सात वर्षांची, सिकलसेलची रुग्ण, म्हणजे एसएस. रिपोर्टवर २०८ हा आकडा होता आणि पुढे ‘सेंटिमीटर प्रति सेकंद’. तपासणी करणाऱ्याने एवढेच सांगितले होते की, मेंदूकडे जाणारे रक्त जोरात वाहत आहे. ताईंना वाटले, हे तर चांगलेच. सिकलसेलमध्ये रक्त अडकते म्हणून हातपाय दुखतात, हे त्या वर्षानुवर्षे ऐकत आल्या होत्या. रक्त जोरात वाहते म्हणजे ते अडकत नाही, असा त्यांनी अर्थ लावला आणि रिपोर्ट तीन आठवडे कपाटात राहिला.

त्यात ताईंची चूक नव्हती. तो आकडा समजून घ्यायला आम्हालाही त्यांच्यासोबत पुन्हा दवाखान्यात जावे लागले.

सिकलसेल आपल्या घरांना परका नाही. शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. विदर्भातील आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, रक्त कमी होणे, हे आपल्या आयाबायांना पाठ आहे. पण याच आजाराने लहान मुलाला लकवा मारू शकतो, हे फार थोड्या घरांत माहीत असते. लकवा म्हाताऱ्यांचा, बीपीवाल्यांचा, असेच आपण धरून चालतो. अमेरिकेत या तपासणीची पद्धत रुजण्याआधी एसएसच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत लकवा होत असे. आपल्याकडे हे प्रमाण कमी असावे असे डॉक्टर मानतात, पण विदर्भातल्या मुलांतही लकव्याच्या नोंदी आहेत.

आता त्या आकड्याकडे येऊ. वस्तीच्या नळाला पाइप लावून पाणी भरताना आपण पाइपाच्या तोंडावर अंगठा धरतो. पाणी जोरात उडते, दूर जाते. पण बादली काही लवकर भरत नाही, कारण वाट अरुंद झालेली असते. मेंदूच्या धमनीचेही तसेच. विळ्याच्या आकाराच्या कडक पेशी घासून घासून धमनीचे अस्तर जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि त्या जागी रक्ताचा वेग वाढतो. शिवाय मुलाचे हिमोग्लोबिन कमी असते, म्हणून मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळावा यासाठी शरीर आधीच जास्त रक्त तिकडे पाठवत असते. दोन्ही मिळून वेग चढतो. म्हणजे या मुलांत जोरात वाहणारे रक्त ही धोक्याची खूण आहे, आणि ती लकवा येण्याच्या कितीतरी आधी दिसू शकते.

या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात, थोडक्यात टीसीडी. ही सोनोग्राफीचीच बहीण. कवटीच्या हाडातून ध्वनिलहरी सहसा पार जात नाहीत. पण कानशिलाजवळ हाड पातळ असते. तिथून मेंदूच्या धमन्यांचा वेग मोजण्याची युक्ती रुने आस्लिड यांनी १९८२ साली दाखवली. पुढे अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी सिकलसेलच्या मुलांवर ती वापरली आणि वेग जास्त असलेल्या मुलांनाच लकवा जास्त होतो, हे १९९२ साली मांडले. मग प्रश्न आला, हे कळून करायचे काय? वेग २०० किंवा त्याहून जास्त असलेली १३० मुले निवडली गेली. ६३ मुलांना नियमित रक्त चढवले, ६७ मुलांवर नेहमीचेच उपचार झाले. रक्त न चढवलेल्या गटात ११ मुलांना झटका आला, रक्त चढवलेल्या गटात फक्त एकाला. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना रक्त देऊ केले. ही हकीकत १९९८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून १७० च्या आत वेग ठीक, १७० ते १९९ म्हणजे लक्ष ठेवून लवकर पुन्हा तपासणी, २०० आणि वर म्हणजे उपचार, अशी विभागणी चालते. एक बारकावा आहे. पडद्यावर धमनीचे चित्र दाखवणाऱ्या सोनोग्राफी यंत्रावर हाच वेग थोडा कमी दिसतो. म्हणून कोणत्या यंत्रावर मोजले, ते डॉक्टरांना विचारावे.

तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, भूल नाही. कानशिलाला जेल लावतात आणि पेनाएवढे यंत्र टेकवून अर्धा-पाऊण तास बसतात. मूल जागे हवे, कारण झोपेत वेग बदलतो. ते रडत असेल, अंगात ताप असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तरी आकडा फसवा येतो. ताईंच्या मुलीला आम्ही मोबाइलवर गाणी लावून दिली होती. वीस मिनिटे शांत बसली, नंतर जेल केसांत गेले म्हणून रुसली.

ही तपासणी कोणासाठी? एसएस किंवा सिकल-थॅलेसेमिया असलेल्या मुलांसाठी, वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, वर्षातून एकदा. नुसत्या वाहकाला, म्हणजे एएस असलेल्या मुलाला याची गरज नाही. घरात दोन मुले असतील, एक एएस आणि एक एसएस, तर कार्ड पाहूनच ठरवा. नाहीतर भीतीपोटी वाहक मुलाची तपासणी होते आणि रुग्ण मूल घरी राहते, हेही आम्ही पाहिले आहे. सगळ्या दवाखान्यांत ही सोय नसते. मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजी किंवा सोनोग्राफी विभागात ‘सिकलसेलच्या मुलाचा टीसीडी’ असे स्पष्ट विचारावे. नुसते ‘डॉप्लर’ म्हटले तर मानेची किंवा पायाची तपासणी करून पाठवतात. ती वेगळी.

दोन आठवड्यांनी मुलीचा टीसीडी पुन्हा झाला. आकडा २०३. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त सुरू झाले. सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली ठेवायचे, हा त्यामागचा हिशेब. सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते; कोणी पैसे मागितले तर कार्ड दाखवून वरिष्ठांना भेटा. वारंवार रक्त दिल्याने अंगात लोह साठते, त्याचे औषध वेगळे घ्यावे लागते. आणि आकडा खाली आला म्हणून मनाने रक्त बंद करायचे नाही. थांबवून पाहिलेल्या मुलांत वेग पुन्हा चढला, काहींना झटकाही आला, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

हायड्रॉक्सीयुरियाचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. वर्षभर तरी रक्त चढवलेल्या आणि धमन्या फार बिघडलेल्या नसलेल्या मुलांना पुढे या गोळीवर नेता येते, असे अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने २०१६ च्या सुमारास दाखवले. नायजेरियात दर महिन्याला रक्त मिळणे कठीण, म्हणून तिथे वेग जास्त असलेल्या मुलांना सुरुवातीपासूनच ही गोळी दिली आणि अपेक्षेपेक्षा खूपच कमी मुलांना लकवा झाला. रक्तपेढीपासून दूर राहणाऱ्या गडचिरोली-गोंदियाकडच्या घरांना ही गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. गोळी मात्र रक्ततपासणी करत, डॉक्टरांच्या हाताखालीच.

टीसीडीला एक मर्यादा आहे. तो मोठ्या धमन्यांचा वेग सांगतो, मेंदूत आधीच झालेली इजा दाखवत नाही. हातपाय नीट चालतात, पण मेंदूत छोटे डाग पडलेले असतात, अशी मुले सिकलसेलमध्ये थोडी नसतात. ते डाग एमआरआयमध्येच दिसतात. हुशार मूल अचानक अभ्यासात मागे पडू लागले, सांगितलेले विसरू लागले, तर त्याला मठ्ठ म्हणून मारू नका. शाळेचे प्रगतिपुस्तक घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एमआरआयबद्दल विचारा.

आणि तोंड वाकडे झाले, एका हातातून वाटी निसटू लागली, बोबडे बोलू लागले, लंगडत चालू लागले, तर पंधरा मिनिटांत बरे झाले तरी घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडीत बसतानाच सांगा, मूल एसएस आहे. दवाखान्यात सलाइनआधी हीच गोष्ट सांगा, कारण या मुलांना लकव्यात तातडीने रक्त बदलून द्यावे लागते आणि मोठ्यांना देतात ते गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन हा त्यांचा नेहमीचा उपचार नाही. कार्ड आणि टीसीडीचा शेवटचा रिपोर्ट एकाच पिशवीत, दाराजवळ ठेवा. ताईंची पिशवी आता खिळ्याला टांगलेली असते.