पत्ता बदलला तरी संवाद तुटू नये

चालते यंत्र एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरले की त्याचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू संवाद तुटतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली आलेल्या ‘मोबाइल आयपी’ या मानकाने यावर तोड काढली: मूळ जाळ्यात एक ‘होम एजंट’ बसवायचा, त्याने आलेले पॅकेट नव्या मुक्कामी धाडायचे. कागदावर चोख. पण समजा, होम एजंट मुंबईत आणि बोलणारी दोन्ही यंत्रे चाकणच्या एकाच शेडमध्ये असली, तर शेजारचे पॅकेट मुंबईला जाऊन परत येणार. २००४ च्या मोबाइल आयपीव्ही६ मध्ये थेट वाटेची सोय झाली, मात्र त्यासाठी समोरच्या टोकालाही ते तंत्र यायला हवे होते. मोबाइल कंपन्यांनी मात्र आपल्या यंत्रणेतच जीटीपी या प्रोटोकॉलचा, पॅकेट आतल्या आत वाहून नेणारा बोगदा टाकला. फोनला पत्ता बदलावाच लागला नाही, म्हणून हा बोगदा टिकला. माझ्या मते, ज्यात दुसऱ्याला काही बदलावे लागत नाही तेच तंत्र रुजते.

आपल्या चाकण पट्ट्यात हा विषय ठळकपणे आला तो डिसेंबर २०२२ मध्ये. महिंद्राच्या चाकण कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्राने ५जी जाळे उभे केले. देशातला पहिला ५जी वाहन कारखाना म्हणून ते जाहीर झाले. त्यात मोठा भर होता सॉफ्टवेअर फ्लॅशिंगवर. गाडी बाहेर पडण्याआधी तिच्या ईसीयूमध्ये, म्हणजे आतल्या नियंत्रक संगणकात, सॉफ्टवेअर भरावे लागते. मध्येच जोडणी तुटली की काम बहुधा पहिल्यापासून करावे लागते, आणि गाडी तिथेच अडकते. एकाच वेळी अनेक गाड्या फ्लॅश करता याव्यात, हा तिथला हेतू होता.

खरा अवघड भाग गेटबाहेर सुरू होतो. आत कारखान्याचे खासगी जाळे, बाहेर नाशिक हायवेवर सार्वजनिक. मालक दोन, सिमची ओळख पटवणारे दोन. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने खासगी जाळ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण कंपन्यांना थेट स्पेक्ट्रम देणे मागणीच्या अभ्यासावर सोडले. तंत्राच्या बाजूने पाहिले तर, मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ हा प्रोटोकॉल संवादाला पत्त्याऐवजी स्वतंत्र ओळख देतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद चालू राहू शकतो. ही मोठी झेप आहे. पण कारखान्यातली जुनी यंत्रे, ठरावीक पत्त्यावर बसलेले पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक), ती भाषा बोलत नाहीत. एका मालकाच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात जाताना खंड पडू न देणे, आणि त्या क्षणी विश्वास कोणी कोणावर ठेवायचा हे ठरवणे, अजून सुटलेले नाही.

आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. भोसरी ते चाकण या वाटेवर दोन कंपन्यांची सिम घेऊन जोडणी कुठे, किती वेळ तुटते ते मोजा, आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवा.